न्यू ऑर्लिन्स, १९६० : रुबी आठवते, बाकीच्या तिघी कुठे गेल्या?

सावनी_ह्यूस्टन

फेब्रुवारीत लेकाच्या शाळेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. पहिलीच्या पोरांना रुबी ब्रिजेसचं, म्हणजे १९६० मध्ये गोऱ्यांच्या शाळेत गेलेल्या कृष्णवर्णीय मुलीचं, चित्र रंगवायला दिलं होतं. पांढरा फ्रॉक, पांढरे मोजे, हातात पट्टी आणि वही, पुढेमागे चार दांडगे पुरुष. हे नॉर्मन रॉकवेलचं चित्र १९६४ च्या जानेवारीत 'लुक' मासिकात आलं. २०११ मध्ये ते काही महिने व्हाइट हाउसमध्येही टांगलेलं होतं, तेव्हा बहुतेकांनी पाहिलं असेल. चिरंजीवांनी चित्र रंगवलं आणि विचारलं, "हिच्या वर्गातली बाकीची मुलं कुठेयत?"

मी म्हटलं, आली नाहीत. तर म्हणे, "सगळे आजारी होते?"

त्या रात्री वाचायला बसले आणि लक्षात आलं, मलाही अर्धीच गोष्ट माहीत होती. १४ नोव्हेंबर १९६०, सोमवार. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या सकाळी गोऱ्यांच्या शाळांत एक नाही, चार कृष्णवर्णीय मुली गेल्या. चौघी सहा वर्षांच्या. रुबी एकटी विल्यम फ्रांट्झ शाळेत गेली. लिओना टेट, गेल एतियेन आणि टेसी प्रेवोस्ट या तिघी मॅकडोनो क्रमांक १९ या शाळेत गेल्या, आणि त्याही रुबीच्या काही मिनिटं आधी. म्हणजे 'पहिली' म्हणायचं तर या तिघीच पहिल्या. त्यांचं चित्र मात्र कुणी काढलं नाही.

मार्चच्या सुट्टीत आम्ही गाडी काढून न्यू ऑर्लिन्सला गेलो. नवरा गंबो खायला, मी ही मॅकडोनो शाळा बघायला. सेंट क्लॉड अव्हेन्यूवर तिमजली जुनी इमारत आहे, पुढे रुंद पायऱ्या. मोठ्या माणसाला काहीच वाटणार नाही अशा. लेक चढताना मध्ये एकदा थांबला.

त्या दिवशी तिघींना आत नेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. बराच वेळ त्या तिथेच. समोरून आया येत होत्या आणि आपापल्या मुलांना हाताला धरून नेत होत्या. दिवस संपेपर्यंत अख्खी शाळा रिकामी. पुढचं जवळजवळ पूर्ण वर्ष त्या इमारतीत तीन विद्यार्थिनी आणि मेयर्स नावाच्या एक बाई. वर्गाच्या काचांना कागद चिकटवलेले, बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून. पिण्याच्या पाण्याचे नळ बंद. मैदानावर जायचं नाही, जेवणाच्या हॉलमध्ये जायचं नाही. मधल्या सुट्टीत तिघी जिन्याखाली खेळायच्या.

जिन्याखाली. माझं डोकं तिथेच अडकलंय. तुमच्यापैकी कुणी यावर वाचलंय का? रुबीच तेवढी का लक्षात राहिली?

---

वेताळटेकडी

चांगला धागा. पण यात सैन्य आलं होतं ना? राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने पॅराट्रूपर पाठवले होते. आणि चार नाही, नऊ मुलं होती असं वाचल्याचं आठवतं.

---

आडवाटे

@वेताळटेकडी, तुमची गल्लत होतेय. ते लिटल रॉक, आर्कान्सा, १९५७. तिथलं सेंट्रल हायस्कूल. नऊ मुलं, तीही मोठी, हायस्कूलची. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसने राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले, पण मुलांना अडवायला. मग आयझेनहॉवरने १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली आणि २५ सप्टेंबरला मुलं संगिनींच्या पहाऱ्यात आत गेली.

त्यातल्या एलिझाबेथ एकफोर्डचा फोटो तुम्ही पाहिला असणार. काळा चष्मा, छातीशी वही, मागे किंचाळणारी गोरी मुलगी. ती एकटी का होती माहितीये? आदल्या रात्री ठरलं की सगळ्यांनी एकत्र जायचं. निरोप फोनवरून गेले आणि एकफोर्डांच्या घरी फोनच नव्हता. पंधरा वर्षांची पोर स्वतः शिवलेला फ्रॉक घालून बसने एकटी गेली, ती थेट जमावात.

न्यू ऑर्लिन्सला सैन्य नव्हतं, फेडरल मार्शल होते, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी. चित्रातले ते चार दंडाला पट्टे बांधलेले पुरुष तेच. रॉकवेलने त्यांची डोकी चौकटीबाहेर ठेवलीत. सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून जेवढं दिसेल तेवढंच चित्रात आहे.

---

वेताळटेकडी

बरोबर, गल्लत झाली. धन्यवाद. त्या फोनचं माहीत नव्हतं.

---

परखड_पुणेकर

मत पटणार नाही, तरी मांडतो. सहा वर्षांच्या पोरीला दगड-शिव्यांच्या जमावातून चालवायचं हा मोठ्यांनी आपल्या लढाईसाठी केलेला पोरांचा वापर नाही का? आणि शेवटी मिळालं काय? तीन मुली असलेली शाळा. याला एकत्र शिक्षण म्हणायचं? शिवाय बालवाडीतून थेट त्यांनाच का निवडलं, मोठी मुलं का नाहीत?

---

आडवाटे

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मजेशीर आहे (कडू अर्थाने).

ब्राउन खटल्याचा निकाल १७ मे १९५४ चा. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीबद्दल जे शब्द वापरले त्याचा अर्थ 'विचारपूर्वक, पण त्वरेने' असा काहीतरी होतो. दक्षिणेने त्यातलं 'विचारपूर्वक' उचललं. न्यू ऑर्लिन्समध्ये ए. पी. टुरो या कृष्णवर्णीय वकिलाने १९५२ मध्येच दावा लावला होता. तो रेंगाळत रेंगाळत १९६० वर आला. शेवटी जज स्केली राइटनी सांगितलं, पहिलीपासून सुरू करा, दर वर्षी एक इयत्ता. म्हणून सहा वर्षांची मुलं.

शाळा मंडळाने मग प्रवेशाला चाचणी ठेवली. शंभरावर अर्ज आले, चाळणी लावून लावून हातात उरल्या चार मुली. चाळणी कशासाठी होती ते सांगायला नको.

शाळांची निवड तर त्याहून भारी. शहराच्या सुखवस्तू भागातल्या दोन शाळांच्या पालक संघांनी आपणहून तयारी दाखवली होती की आमच्याकडे सुरू करा. मंडळाने त्या सोडल्या आणि नाइन्थ वॉर्डातल्या दोन शाळा घेतल्या. गरीब, कामगार गोऱ्यांची वस्ती. तिथे भडका उडणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

---

मास्तर६२

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं झाली.

सावनीताई, तुम्ही जिन्याचं लिहिलंत, मी त्या बाईंचा विचार करत बसलो. द्विशिक्षकी शाळेत कधी पट सातवर आला तर आम्हाला वर्ग खायला उठायचा. कविता म्हणायला घ्यावी तर आवाज उठत नाही. पाढे म्हणताना लय लागत नाही. तीन पोरींवर या बाईंनी वर्षभर वर्ग चालवला.

आणि रुबीच्या बाई, बार्बरा हेन्री. या बॉस्टनच्या, त्या शहरात नवीन. शाळेतल्या इतर शिक्षकांनी रुबीला शिकवायला नकार दिला होता. पहिला दिवस पोरीचा मुख्याध्यापकांच्या खोलीतच गेला, दुसऱ्या दिवशी या बाई दिसल्या. पुढे वर्षभर एक बाई आणि एक विद्यार्थिनी. खेळाच्या तासाला दोघीच उड्या मारायच्या.

तिचं डब्याचं वाचलंय कुणी? बाहेरच्या गर्दीतली एक बाई रोज ओरडायची, तुला विष घालीन म्हणून. मार्शलांनी ठरवलं, पोरीने घरचंच खायचं. मग घरून सँडविच यायचं, आणि ते खायचं एकटीने, रिकाम्या वर्गात. तिने खाणंच सोडलं. सँडविच कपाटात कोंबून ठेवायची. वर्गात उंदीर फिरायला लागले तेव्हा कळलं.

डबा न खाणारं पोर शिक्षकाला आधी दिसतं. अभ्यासात मागे पडलेलं नंतर.

---

कोकणकन्या

मास्तर, डब्याचं वाचून घशात आवंढा आला. माझी धाकटी पहिलीत आहे. काल डबा परत आणला म्हणून मी तिला रागावले होते.

मी वाचलंय त्यातलं एक लिहिते. पहिल्या दिवशी गर्दी, आरडाओरडा, पोलिसांची घोडी बघून रुबीला वाटलं मार्डी ग्रा (तिथला मिरवणुकांचा सण) आहे! न्यू ऑर्लिन्सची पोर ना, रस्त्यावर एवढी माणसं म्हणजे मिरवणूकच. तिकडे लिओनालाही हेच वाटलं होतं, की मिरवणूक येतेय. मग एके दिवशी त्या गर्दीत एका बाईने लहानशा शवपेटीत काळी बाहुली ठेवून आणली. रुबी म्हणते, मला सगळ्यात भीती त्या बाहुलीची वाटली.

आणि आपण काळी आहोत म्हणून हे सगळं चाललंय, हे तिला कुणी सांगितलं? एका मुलाने. वर्ष संपत आलं तेव्हा शाळेत थोडी गोरी मुलं परतली होती. त्यातला एक म्हणाला, आई म्हणाली तुझ्याशी खेळू नको. का ते त्याने एका शिवीत सांगितलं. तिला राग आला नाही. तिचं म्हणणं असं, की माझ्या आईने एखाद्याशी खेळू नको म्हटलं असतं तर मीही खेळले नसते.

सहा वर्षांच्या पोरीचा न्याय बघा.

---

परखड_पुणेकर

भावना समजतात हो. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. घरच्यांचं काय?

---

सावनी_ह्यूस्टन

@परखड_पुणेकर, रुबीच्याच घरात यावरून दोन मतं होती. वडील कोरियाच्या युद्धात लढलेले, त्यांचं म्हणणं नको. आईचं म्हणणं जायचं. आईचं चाललं. मग वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत आजीआजोबा ज्या जमिनीवर बटाईने राबत होते, तिथून त्यांना काढलं. म्हणजे तुम्ही म्हणता ती शंका आधी तिच्या बापालाच होती. 'वापर केला' हा शब्द तरी मला या घराला लावता येत नाही.

भोगलं फक्त काळ्यांनीच असंही नाही. डेझी गॅब्रिएल नावाची गोरी बाई आपल्या यो‌लांडाला फ्रांट्झमध्ये पाठवत राहिली. त्याच गर्दीतून पोरीला घेऊन चालत जायची. डिसेंबरपर्यंत त्यांना शहर सोडावं लागलं. पाद्री लॉइड फोरमनही आपल्या मुलीला घेऊन जात राहिले. मॅकडोनोमध्ये जानेवारीत एका गोऱ्या बापाने मुलगा पाठवायचं धाडस केलं, तर काही दिवसांत ते कुटुंब गाव सोडून गेलं. तिघींना तेवढेच दिवस सवंगडी मिळाला.

---

सदाफुली

सगळ्याच टिकल्या असंही नाही. १९५७ मध्येच नॉर्थ कॅरोलायनात शार्लट शहरात डोरोथी काउंट्स हार्डिंग हायस्कूलमध्ये गेली. पंधरा वर्षांची. चार दिवस. मग वडिलांनी काढून घेतलं. तिचाही फोटो आहे, मागे पोरं दात काढून हसतायत आणि ही ताठ मानेने चालतेय. चारच दिवसांत नाव काढलं म्हणून ती हरली असं मला तरी वाटत नाही.

अवांतर : वर कुणीतरी 'काळी' लिहिलंय, कुणी 'कृष्णवर्णीय'. नक्की काय लिहावं?

---

कोकणकन्या

मी लिहिलं 'काळी'. तिकडचे लोक स्वतःला ज्या शब्दाने म्हणवतात त्याचं सरळ मराठी तेच होतं ना? 'कृष्णवर्णीय' म्हटलं की मला उगाच सरकारी परिपत्रक वाटतं. पण आपल्याकडे 'काळी' हा टोमणाही आहे, तेही खरं. बघा बाई तुम्हीच.

---

आडवाटे

@परखड_पुणेकर, 'तीन मुलींच्या शाळेला काय अर्थ' हा तुमचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्याचं उत्तर शोधायला आपल्याकडे यावं लागतं.

जून १८५६, धारवाड. तेव्हा मुंबई इलाख्यात. एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, नाकारला गेला, त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारच्या उत्तराचा आशय असा : तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे यात शंका नाही. पण एका मुलासाठी त्याला बळेच आत घातलं तर बाकीच्या जनतेला शाळा निरुपयोगी ठरण्याचा धोका आहे. सबब प्रवेश नाही. बाबासाहेबांनी हा कागद पुढे आपल्या लिखाणात आणला, म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे.

आता १९६० शी ताडून पाहा. भीती तीच, एकाला घेतलं तर शाळा ओस पडेल. न्यू ऑर्लिन्समध्ये ती खरी ठरली, मॅकडोनो खरोखर ओस पडली. तरी स्केली राइट हटले नाहीत. लुइझियानाच्या विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून एकामागून एक कायदे केले, यांनी ते एकामागून एक उडवले. शिक्षकांचे पगार अडकवले गेले. जजसाहेब त्याच शहरात वाढलेले, मित्रांनी बोलणं टाकलं, रस्त्यात ओळख दाखवेनात.

शाळा ओस पडली तर पडू दे, नाव या तिघींचंच पटावर राहील, असं एका सरकारी यंत्रणेने वर्षभर धरून ठेवलं. तीन मुलींच्या शाळेला अर्थ होता तो हा. १८५६ च्या त्या मुलाला असं कुणी भेटलं नाही.

---

परखड_पुणेकर

धारवाडचं प्रकरण माहीत नव्हतं. विचार करतो. पोरांबद्दलचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण 'मिळालं काय' हा शब्द मागे घेतो.

---

मास्तर६२

आडवाटे, उत्तम. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. इथल्या माणसांनी तो कित्ता गिरवावा ही त्यांची आशा. त्यानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी त्याच अमेरिकेत ही शाळा रिकामी झाली, हे वाचून त्यांनी काय लिहिलं असतं कोण जाणे. कडक लिहिलं असतं हे नक्की.

---

रानवारा

शाळेच्या नावाबद्दल कुणीच बोललं नाही! जॉन मॅकडोनो हा गुलाम बाळगणारा धनाढ्य. १८५० मध्ये वारला आणि बरीच संपत्ती न्यू ऑर्लिन्स आणि बाल्टिमोरच्या मुलांच्या शिक्षणाला ठेवून गेला. त्या पैशातून शाळाच शाळा निघाल्या, म्हणून नावापुढे क्रमांक.

दरवर्षी 'मॅकडोनो दिन' असायचा. सगळ्या शाळांची मुलं पुतळ्याला फुलं वाहायला आणायची. आधी गोऱ्या मुलांच्या शाळा, एकेक करून. त्या सगळ्या उरकेपर्यंत काळी मुलं उन्हात ताटकळत उभी, हातात फुलं. १९५४ च्या मे महिन्यात काळ्या पालकांनी आणि शिक्षकांनी ठरवलं, यंदा जायचंच नाही. ब्राउनचा निकाल लागायच्या काही दिवस आधीची ही गोष्ट. म्हणजे दिल्लीहून हुकूम आला आणि मग लोक जागे झाले (वॉशिंग्टनहून म्हणा) असं नव्हे.

---

वेताळटेकडी

गोऱ्यांची ती सगळी मुलं गेली कुठे? वर्षभर घरी?

---

रानवारा

बरीचशी शेजारच्या सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये. पॅरिश म्हणजे तिकडचा जिल्हा. लिअँडर पेरेझ नावाचा तिथला बडा पुढारी, त्याने सोय लावून दिली. १५ नोव्हेंबरला याच पेरेझने न्यू ऑर्लिन्समध्ये हजारोंच्या सभेत पेटवापेटवी केली आणि दुसऱ्या दिवशी शहरात पोरांचे जमाव रस्त्यावर उतरले, पोलिसांना पाण्याचे फवारे सोडावे लागले. १९६२ मध्ये कॅथलिक शाळाही सगळ्यांना खुल्या करायची वेळ आली तेव्हा याने तिथेही विरोध केला, तर आर्चबिशपने त्याला धर्मबहिष्कृत केलं.

बाकी काही मुलांचं वर्ष खरोखरच बुडालं. आपल्याच आईबापांच्या कृपेने.

---

कोकणकन्या

आणि त्या तिघींचं पुढे?

---

सावनी_ह्यूस्टन

तेच लिहायचं राहिलं होतं. तिसरीत त्यांना सेम्स नावाच्या दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे गोरी मुलं होती, आणि आता मार्शल नव्हते. थुंकणं, ढकलणं, मारणं. तिघींच्याही बोलण्यात मॅकडोनोपेक्षा सेम्सच्या आठवणी वाईट आहेत. मला आधी हे उलटं वाटायचं. रिकामी शाळा जास्त भयाण असेल असं वाटायचं. पण तिथे निदान त्या तिघी होत्या आणि दार बंद होतं.

मोठेपणी लिओना टेटनी एक संस्था काढली आणि तीच मॅकडोनोची इमारत मिळवली. कतरिना वादळानंतर ती ओसाड पडली होती. २०२२ मध्ये तिथे टेप सेंटर उघडलं. टेट, एतियेन, प्रेवोस्ट, तिघींच्या आडनावांची आद्याक्षरं. खाली इतिहासाचं दालन, वर ज्येष्ठ नागरिकांसाठी परवडणारी घरं. टेसी २०२४ च्या जुलैमध्ये गेल्या. इमारत उघडलेली त्यांनी पाहिली.

रुबी का लक्षात राहिली, याला चित्र हे एक कारण झालंच. शिवाय एकटी असण्याची गोष्ट सांगायला सोपी असते, असं मला आता वाटतं. तीन नावं लक्षात ठेवायला लागतात.

---

सदाफुली

एप्रिलमध्ये आम्ही फ्रेंच क्वार्टरला उतरतोय. दोन्ही शाळा एका सकाळी होतील का? गाडी भाड्याने घ्यावी की टॅक्सी?

---

सावनी_ह्यूस्टन

आरामात होतील. फ्रांट्झ आधी करा, ती कालव्याच्या अलीकडे आहे, अंगणात रुबीचा पुतळा आहे. पण तिथे अजून शाळा भरते, त्यामुळे सुट्टी नसेल तर बाहेरूनच बघावं लागेल. मॅकडोनो कालव्यापलीकडे, लोअर नाइन्थ वॉर्डात. जायच्या आधी वेळ विचारून घ्या.

गाडी घ्या. सेंट क्लॉड अव्हेन्यूवरचा पूल उचलायचा आहे, जहाज आलं की वर जातो आणि सगळी वाहतूक खोळंबते. आम्ही अर्धा तास अडकलो होतो. लेकाला प्रचंड मजा आली. पाण्याची बाटली जवळ ठेवा.